थिबा राजाचा रत्‍नागिरी येथील वाडा आणि विकल्या जाणाऱ्या घरांचें दफ्तर

(१)

जुनें घर विक्रीस निघालें म्हणजे त्याचें मोल ठरविणारे लोक जमीन मोजतात, लांकूड पाहतात आणि रस्ता किती रुंद आहे याची चौकशी करतात. घर कोणीं बांधिलें, कोणासाठीं बांधिलें, त्यांत कोण राहिलें आणि त्याच्या माळ्यावर कोणते कागद पडले आहेत, हे प्रश्न त्या व्यवहारांत सहसा निघत नाहींत. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र याच प्रश्नांशीं कर्तव्य आहे. कारण घर हें इतिहासाचें एक साधनच आहे, आणि इतर साधनांपेक्षां तें लवकर नाहींसें होतें. ताम्रपट पुरला तरी शेंकडों वर्षांनीं निघतो. पाडलेलें घर पुन्हा निघत नाहीं.

गेल्या कांहीं वर्षांत मुंबईंतील नामांकित गृहशिल्पज्ञांनीं बांधिलेलीं घरें शेंकडों कोटि रुपयांस विकलीं गेलीं, आणि त्या निमित्तानें अशा वास्तूंचें काय करावें याचा पुष्कळ ऊहापोह झाला. त्या चर्चेंत कोंकणाचें नांव क्वचितच निघालें. वास्तविक या प्रश्नाचा उलगडा करण्यास रत्‍नागिरी येथील थिबा राजाचा वाडा जितका उपयोगीं पडतो तितकें दुसरें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. हा वाडा विकला गेला नाहीं, तो पडलाही नाहीं. तरी तो बांधविणारें सरकार गेलें, ज्याच्यासाठीं बांधिला तें राजकुल विखुरलें, आणि वाड्यांतील वस्तु दाही दिशांस गेल्या. भिंती राहिल्या आणि भिंतींचा अर्थ सांगणारे कागद मात्र दूरदूरच्या दफ्तरखान्यांत जाऊन पडले, अशी ही स्थिति आहे. म्हणून त्या वाड्याची हकीकत प्रथम देऊन मग विकल्या जाणाऱ्या घरांविषयीं आम्हांस जें सुचवावयाचें आहे तें सुचवूं.

(२)

थिबा हा ब्रह्मदेशाच्या कोनबाँग घराण्यांतील शेवटचा राजा. त्याचा जन्म १८५९ सालचा. त्याचा बाप मिंडोन यानें १८५७ सालीं मंडाले हें नवें राजनगर वसविलें. त्याच्या मरणानंतर १८७८ सालीं थिबा गादीवर आला. अवघीं सात वर्षें त्यानें राज्य केलें. १८८५ सालीं इंग्रजांनीं त्याच्यावर जें युद्ध पुकारलें त्याचें उघड निमित्त सागवानाचें होतें. मुंबईंतील भांडवलावर उभी राहिलेली ‘बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही कंपनी ब्रह्मी जंगलांतून सागवान तोडीत असे. तिनें ठरल्याहून अधिक ओंडके नेऊन राजाचा महसूल बुडविला, असा निवाडा करून मंडाले दरबारनें तिला सुमारें २३ लाख रुपये दंड केला. इंग्रज सरकारनें हा निवाडा मानिला नाहीं आणि ऑक्टोबरांत निर्वाणीचा खलिता पाठविला. फ्रेंचांशीं मंडाले दरबारची वाढती सलगी हें त्यामागचें खरें कारण होतें हें सर्वमान्य आहे. परंतु कागदोपत्रीं भांडण लांकडाचें होतें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें वाड्याच्या वर्णनांत तिची आठवण होणार आहे.

जनरल प्रेंडरगास्ट यांची फौज नोव्हेंबर १८८५ मध्यें इरावतीवरून चालून गेली. लढाई म्हणण्यासारखी फारशी झालीच नाहीं. २९ नोव्हेंबर रोजीं राजा, राणी सुपयालत आणि त्यांचा परिवार यांस आगबोटींत बसवून मंडालेबाहेर काढण्यांत आलें. १ जानेवारी १८८६ रोजीं उत्तर ब्रह्मदेश खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला. राजकुटुंबास प्रथम मद्रासेस ठेविलें आणि एप्रिल १८८६ मध्यें रत्‍नागिरीस आणिलें.

रत्‍नागिरीच कां, या प्रश्नाचें उत्तर भूगोलांत आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सह्याद्रि. लोहमार्ग नाहीं (तो विसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस आला). आणि पावसाळ्याचे चार महिने आगबोटींचें दळणवळणही बंद. कैद्यास तुरुंगाच्या भिंती नसल्या तरी चालाव्या, असें हें ठिकाण होतें. पुढें १९२४ पासून १९३७ पर्यंत बॅरिस्टर सावरकर यांसही याच जिल्ह्यांत स्थानबद्ध ठेविलें, तेंही बहुधा याच विचारानें. तसेंच १८५८ सालीं दिल्लीच्या बहादुरशहास इंग्रजांनीं रंगूनास पाठविलें होतें आणि तो तेथेंच १८६२ सालीं वारला. हिंदुस्थानचा शेवटचा बादशहा ब्रह्मदेशांत आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा हिंदुस्थानांत, अशी ही साटेंलोटें झालेली हद्दपारी होय.

(३)

रत्‍नागिरीस आल्यावर राजकुटुंब चोवीस वर्षें भाड्याच्या बंगल्यांत राहिलें; त्यांपैकीं ‘आउट्रम हॉल’ हें नांव विशेष प्रसिद्ध आहे. कुटुंब मोठें, नोकरचाकर पुष्कळ, आणि युरोपियन अंमलदाराच्या सोयीनें बांधिलेला बंगला ब्रह्मी दरबारी चालीस अगदींच अपुरा. चार राजकन्यांपैकीं दोघींचा जन्म हद्दपारींतच झाला, त्यामुळें अडचण वाढतच गेली. राजाच्या अर्जांवर अर्ज गेल्यानंतर सरकारनें नवा वाडा बांधण्याचें मनावर घेतलें, आणि १९१० सालीं राजकुटुंब नव्या वाड्यांत राहावयास गेलें. खर्च लाख रुपयांच्या वर झाला.

वाडा गांवाबाहेर उंचवट्यावर आहे. तेथून भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. इमारत तीन मजल्यांची. भिंतींस कोंकणांतला जांभा चिरा, वर उतरतें कौलारू छप्पर, दर्शनी बाजूस अर्धवर्तुळाकार कमानींच्या लांकडी खिडक्या आणि त्यांवर नक्षीकाम, आंत संगमरवरी फरशीचा मोठा दिवाणखाना. लाल रंगाच्या या इमारतीस प्रथम पाहणारा मनुष्य ती एकदम कोणत्याही एका पद्धतींत बसवूं शकत नाहीं. चिरा आणि कौल हें रत्‍नागिरीचें; मजल्यांची मांडणी, व्हरांडे आणि मोठाल्या खोल्या या सरकारी बांधकाम खात्याच्या बंगल्याच्या वळणाच्या; छपराचे चढते टप्पे आणि लांकडावरील कलाकुसर ब्रह्मी. त्यांतही लांकडाचा मुद्दा विशेष. वाड्यांतलें सागवान ब्रह्मदेशाचें म्हणून सांगितलें जातें. ज्या लांकडाच्या दंडापायीं राज्य गेलें त्याच लांकडाच्या खिडकींतून राजानें पुढें सहा वर्षें अरबी समुद्र पाहिला.

आतां प्रश्न असा कीं, या वाड्याचा कर्ता कोण म्हणावा? स्थानिक माहितगार सांगतात कीं, नकाशा राजानें स्वतः काढिला. सरकारी बाजूनें पाहिलें तर हें बांधकाम खात्याचें काम, खर्चाचा अंदाज आणि मंजुरी सरकारची. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष एकमेकांस खोडीत नाहींत. राजा नव्या घराच्या रचनेंत मनापासून लक्ष घालीत होता, आणि मंडालेचा राजवाडा पाहिलेल्या मनुष्यास घर कसें असावें याविषयीं निश्चित कल्पना असणार; परंतु चिरा किती जाडीचा, तुळई किती लांबीची आणि पैसा किती, हें ठरविणारा हात दुसरा होता. इमारतीकडे पाहिलें असतां हें दुहेरी कर्तृत्व भिंतींतच वाचावयास मिळतें. दरबारासाठीं लागणारा दिवाणखाना राजाच्या मनांतला. त्याच्याभोंवतीं घातलेली कोठड्यांची रांग खात्याच्या अंमलदाराची. एकट्या गृहशिल्पज्ञाचें नांव शोधून तें अशा इमारतीस चिकटविण्याची हौस आजकाल वाढली आहे. थिबावाड्याच्या बाबतींत ती आवरावी हें बरें. हा वाडा एका कैद्याची इच्छा आणि एका खात्याची मंजुरी यांच्या तडजोडींतून झाला आहे, आणि त्याचें ऐतिहासिक महत्त्वही त्यांतच आहे.

(४)

दुसरा प्रश्न मालकीचा. “सरकारनें राजास वाडा बांधून दिला” हें वाक्य पुष्कळ ठिकाणीं आढळतें आणि वाचणारा ‘दिला’ याचा अर्थ दान असा करितो. पुढील वृत्तांताशीं हा अर्थ जुळत नाहीं. धाकटी राणी १९१२ सालीं रत्‍नागिरीसच वारली. थिबा १९१६ सालच्या डिसेंबरांत याच वाड्यांत मरण पावला. शव स्वदेशीं नेण्याची परवानगी मिळावी हा राणीचा आग्रह सरकारनें मानिला नाहीं, आणि १९१९ सालीं राजा व धाकटी राणी यांचीं शवें रत्‍नागिरीसच समाधींत ठेवण्यांत आलीं. त्याच वर्षीं राणी सुपयालत ब्रह्मदेशास परत गेली आणि १९२५ सालीं रंगूनास वारली. राजकुटुंब गेल्यावर वाडा सरकारकडे राहिला. थोरली राजकन्या पुढें रत्‍नागिरीस परत आली आणि १९४७ सालीं मरेपर्यंत तेथेंच राहिली. परंतु ती वाड्यांत राहिली नाहीं, गांवांतल्या साध्या घरांत हलाखींत राहिली. तिची मुलगी रत्‍नागिरीच्या मातींत इतकी मिसळली कीं, मराठी हीच तिची भाषा झाली. वाडा कुटुंबाच्या मालकीचा असता तर राजकन्येवर ही पाळी आली नसती. यावरून वाडा हें सरकारी निवासस्थान होतें, दानपत्र नव्हतें, हें आम्हीं सिद्ध मानतों.

पुढें या वाड्यांत कांहीं काळ सरकारी तंत्रनिकेतन होतें. आज तो राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे असून त्यांत वस्तुसंग्रहालय आहे. हें चांगलेंच झालें, कारण खाजगी हातांत गेला असता तर ती मोक्याची जागा एव्हांपर्यंत तुकड्यातुकड्यांनीं विकली गेली असती. परंतु येथें एक भेद लक्षांत आणून देणें अवश्य आहे. वाडा राहिला, वाड्याचा संसार राहिला नाहीं. हद्दपारींतल्या राजाचा खर्च सरकारी तनख्यांत भागत नसे. मंडालेहून आणिलेले दागिने आणि जवाहीर तो एकामागून एक विकीत गेला, आणि रत्‍नागिरीच्या पेठेंतून तें बाहेर पडलें. आज राजाच्या नित्य वापरांतल्या अशा वस्तु फार थोड्या उरल्या आहेत.

मंडालेस काय झालें तेंही येथें नमूद करावें. इंग्रज फौज राजवाड्यांत शिरल्यानंतरच्या अंदाधुंदींत राजाच्या ग्रंथसंग्रहाचा आणि दरबारी कागदांचा मोठा भाग जळाला. ब्रह्मी राजकुलांच्या वंशावळी आणि वतनाचे कागद त्यांत गेले, आणि त्याबरोबर शेंकडों घराण्यांचे हक्कही गेले. राजवाड्याची लांकडी इमारत मागें राहिली होती. ती दुसऱ्या महायुद्धांत १९४५ सालच्या मार्चांत जळाली. म्हणजे मंडालेस आधीं कागद गेले, मग घर गेलें. रत्‍नागिरीस घर राहिलें आणि कागद मुंबई, दिल्ली व लंडन येथील दफ्तरखान्यांत विभागले गेले. ते कागद चाळून वॉल्टर देसाई यांनीं १९६७ सालीं आणि सुधा शहा यांनीं २०१२ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केले. एरवीं रत्‍नागिरीच्या वाड्याभोंवतीं केवळ दंतकथांचें रान माजलें असतें.

कागदाचें महत्त्व काय याचा दाखला राजाच्या स्वतःच्याच प्रकरणांत आहे. ‘नगा मौक’ नांवाचें एक अतिमोलाचें माणीक पदच्युतीच्या गडबडींत कर्नल स्लेडन यांच्या स्वाधीन केलें होतें, असें थिबाचें म्हणणें होतें. तें परत मिळावें म्हणून त्यानें वर्षानुवर्षें मागणी केली. मागणी मान्य झाली नाहीं. राज्याचा धनी असतांना ज्याच्या शब्दावर निवाडे होत, त्यालाच कैदेंत गेल्यावर केवळ शब्दावर दावा शाबीत करतां आला नाहीं. कागदाविना हक्क दुबळा हें त्यानें पुरतें अनुभविलें.

(५)

वाडा राहावयास मिळाला तें १९१० हें साल मराठी इतिहासाच्या दृष्टीनेंही स्मरणीय आहे. १८५६ सालीं रत्‍नागिरीस जन्मलेले लोकमान्य टिळक त्या वेळीं मंडालेच्या किल्ल्यांतील तुरुंगांत सहा वर्षांची शिक्षा भोगीत होते. मंडालेचा धनी रत्‍नागिरीस आणि रत्‍नागिरीचा सुपुत्र मंडालेस, असा हा विलक्षण अदलाबदल झालेला होता. १९१०-११ च्या हिंवाळ्यांत लोकमान्यांनीं तेथें शिसपेन्सिलीनें वह्यांत ‘गीतारहस्य’ लिहिलें. सुटकेनंतर त्या वह्या परत मिळतील कीं नाहीं याची लोकांस धास्ती पडली होती. त्या मिळाल्या आणि १९१५ सालीं ग्रंथ छापून निघाला. त्याच १९१० सालच्या जुलैंत पुण्यास राजवाडे आणि मेहेंदळे यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें.

या तीन गोष्टींचा परस्परांशीं कार्यकारणसंबंध नाहीं हें उघड आहे, आणि तो लावण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु तिन्हींत एक धडा समान आहे. टिळकांच्या वह्या टिकल्या, म्हणून ग्रंथ झाला. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून घराघरांतील माळे आणि पेट्या उघडविल्या, म्हणून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ निघूं शकलीं. राजवाड्यांचें सारें काम घरांवर आधारलेलें होतें. साधनें ग्रंथालयांत नव्हतीं. तीं जुन्या घरांत होतीं. घर उभें होतें तोंवर रुमाल सुरक्षित होता.

(६)

आतां मुंबईच्या घरांकडे वळूं. क्लॉड बॅटली हे इंग्रज गृहशिल्पज्ञ १९१३ सालीं मुंबईस आले आणि १९५६ सालीं मरेपर्यंत त्यांनीं येथील वास्तुविद्येवर ठसा उमटविला. जे. जे. कलाशाळेच्या वास्तुविभागांत त्यांनीं शिष्यांची पिढी तयार केली; मुंबई सेंट्रल स्थानकाची १९३० सालची इमारत त्यांचीच. मलबार टेकडीवरील ‘साउथ कोर्ट’ हें घर त्यांनीं १९३६ सालीं बॅ. जिना यांच्यासाठीं बांधिलें. १९४४ च्या सप्टेंबरांत गांधी-जिना वाटाघाटी याच घरांत झाल्या. फाळणीनंतर त्या घराच्या मालकीचा जो वाद सुरू झाला तो दोन राष्ट्रांच्या बोलाचालींत दशकानुदशकें चालू राहिला. ब्रीच कँडीवरील वांकानेर हाउसही बॅटली यांचेंच. वांकानेरच्या महाराजांचें हें घर १९५७ सालीं अमेरिकेच्या वकिलातीकडे गेलें आणि ‘लिंकन हाउस’ म्हणून प्रसिद्ध झालें. २०१५ सालीं तें ७५० कोटि रुपयांस देण्याचा करार झाल्याचें जाहीर झालें, आणि त्यानंतर त्या जमिनीवरील हक्कांचा प्रश्न उभा राहिला.

तिसरें उदाहरण शास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या मलबार टेकडीवरील ‘मेहरांगीर’ या घराचें. २०१४ सालीं तें लिलांवांत ३७२ कोटि रुपयांस विकलें गेलें. स्मारक व्हावें म्हणून अणुशक्ति खात्यांतील लोकांनीं प्रयत्न केले, ते फळले नाहींत, आणि २०१६ सालीं घर पाडण्यांत आलें. येथें विकणाऱ्या संस्थेस दोष देणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. घर त्या संस्थेस वारशानें मिळालें होतें, आणि मिळालेला पैसा कलेच्या कार्यासाठीं होता. खेद आहे तो इतकाच कीं, घर पाडण्यापूर्वीं त्याचा सांगोपांग अभ्यास होऊन तो अभ्यासकांच्या हातीं पडावयास हवा होता. विक्री आणि नाश या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि नाश अटळ असला तरी नोंद टळण्याचें कांहींच कारण नाहीं.

मुंबईच्या घरांस निदान कर्त्याचें नांव आहे. ज्याचें नांव आहे त्याचा नकाशा कोठें तरी असतो, त्याच्या शिष्यांच्या आठवणी असतात, वर्तमानपत्रें त्याची दखल घेतात. १९९५ सालीं मुंबईस वारसा-वास्तूंविषयींचे नियम लागू झाले, त्यांचाही आधार आहे. कोंकणांतील घर ज्यानें बांधिलें तो गवंडी आणि तो सुतार यांचीं नांवें खरेदीखतांत नसतात, आणि घराची गणनाही कोणत्या यादींत नसते.

(७)

रत्‍नागिरी जिल्ह्यांतील जुनीं घरें आज कोणत्या स्थितींत आहेत हें या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. मूळ धनी मुंबई-पुण्यास, पुढची पिढी त्याहून दूर, हिस्सेदार वाढलेले. मग एके दिवशीं घर आणि आंबराई मिळून सौदा होतो. ओटीचे खांब, माजघराचा दरवाजा आणि देवघराची चौकट हीं जुन्या बाजाराच्या व्यापाऱ्याकडे जातात, कारण जुन्या सागवानास गिऱ्हाईक आहे. माळ्यावरच्या रुमालांस गिऱ्हाईक नसतें. १९४९ च्या कायद्यानें खोती नाहींशी झाली, तेव्हांपासून खोतांच्या दफ्तरांचें व्यवहारांतलें प्रयोजन संपलें. त्यानंतर मोडी वाचणारा घरांत उरला नाहीं. म्हणून वहिवाटीचे कागद, जमाखर्चाच्या वह्या, देवस्थानांचे ठराव आणि पोथ्यांचीं बाडें हीं वाळवीच्या नाहीं तर रद्दीच्या स्वाधीन होतात. नोंदणीच्या कायद्याप्रमाणें खरेदीखतांत मिळकतीची ओळख पटेल असें वर्णन लागतें, म्हणून चतुःसीमा बिनचूक लिहिल्या जातात. पूर्वेस कोणाचा गडगा आणि पश्चिमेस कोणती पाणंद हें कळतें. त्या चार सीमांच्या आंत काय होतें तेवढें कळत नाहीं.

यावर उपाय म्हणून आम्ही चार गोष्टी सुचवितों. त्यांत कांहीं अवघड नाहीं, आणि कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

पहिली गोष्ट. घर विकण्याचें ठरलें असें कळतांच गांवांतल्या एका तरी माणसानें मालकाच्या अनुज्ञेनें त्याचें मोजमाप करून साधा नकाशा काढावा. पडवी, ओटी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, खळें आणि विहीर यांच्या जागा दाखवाव्या. छायाचित्रें घ्यावीं. चौकटीवर किंवा तुळईवर शक, तिथि अथवा नांव कोरलेलें असेल तर त्याचा ठसा घ्यावा.

दुसरी गोष्ट. काळ ठरवितांना सावधगिरी ठेवावी. मंगलोरी कौलांवर कारखान्याचा छाप असतो, आणि कित्येकदां सालही असतें. बासेल मिशननें मंगळुरास पहिला कारखाना १८६५ सालीं काढिला. तेव्हां अशीं कौलें असलेलें छप्पर त्यापूर्वींचें असूं शकत नाहीं. परंतु यावरून भिंतींचा काळ ठरत नाहीं. गवत किंवा नळीचीं कौलें काढून मंगलोरी कौलें मागाहून घातल्याचीं उदाहरणें घरोघर आहेत. कौल छपराची साक्ष देतें, घराची नव्हे.

तिसरी गोष्ट कागदांविषयीं, आणि ती संग्राहकांनीं विशेष मनावर घ्यावी. रुमाल सोडून त्यांतला मोहोरेचा एखादा कागद निवडून घेणें आणि बाकीचे टाकून देणें, हा प्रकार थांबला पाहिजे. मोहोरेच्या एका सनदेपेक्षां तिच्या खालचे पन्नास क्षुल्लक जमाखर्च इतिहासास अधिक उपयोगीं पडतात. कारण सनद हक्क सांगते आणि जमाखर्च तो हक्क कसा चालला हें सांगतो. ज्या क्रमानें कागद बांधले असतील तो क्रम मोडूं नये. रुमाल कोणत्या घरांत, कोणत्या खोलींत, कोणत्या पेटींत सांपडला याची चिठ्ठी त्याबरोबर ठेवावी. घराचें नांव गेलेला कागद अर्धा मुका होतो. थिबाच्या जवाहिराचें तेंच झालें. कोठें तरी असेलच, पण तें त्याचें म्हणून ओळखण्याची खूण उरली नाहीं.

चौथी गोष्ट खरेदीखताविषयीं. विकणाऱ्यानें खरेदीखताच्या परिशिष्टांत घराचें थोडक्यांत वर्णन द्यावें, बांधल्याचें साल आणि बांधणाऱ्याचें नांव ठाऊक असल्यास लिहावें, आणि घरांतले जुने कागद विक्रींत धरलेले नसून ते अमुक संस्थेकडे ठेविले आहेत असा स्पष्ट उल्लेख करावा. चार ओळींचा मजकूर, त्यास खर्च नाहीं. नोंदणी कचेरींतली नक्कल शंभर वर्षांनीं शोधणाऱ्याच्या हातीं लागेल, आणि तींत घराचा पत्ता नुसता सीमांनीं लागणार नाहीं, कर्त्याच्या नांवानेंही लागेल.

हीं कामें करावयास धनाढ्य संस्था लागत नाहीं. तालुक्यागणिक दोन-तीन विद्याव्यासंगी मनुष्यें पुरेत. शाळामास्तर, वकील, पुरोहित, सर्व्हेयर यांच्यापैकीं कोणीही तें करूं शकेल. ज्याला मोडी येते त्यानें यादी करावी, ज्याला येत नाहीं त्यानें रुमाल न सोडतां पोंचता करावा.

२०१२ सालच्या डिसेंबरांत ब्रह्मदेशाचे अध्यक्ष थेन सेन रत्‍नागिरीस येऊन थिबाच्या समाधीपुढें नतमस्तक झाले. १९१६ पासून शंभर वर्षें भरलीं तेव्हांही त्या देशांतून प्रतिष्ठित मंडळी व राजाचे वंशज तेथें आले होते. ज्या राजाचें शव स्वदेशीं नेऊं दिलें नाहीं त्याच्या दर्शनास स्वदेश चालून आला, कारण समाधि आणि वाडा जागेवर होते आणि ते कोणाचे हें सांगणारे कागद जपलेले होते. आमच्या कोंकणांतील सामान्य खोताच्या किंवा भिक्षुकाच्या घराकडे परदेशचा अध्यक्ष येणार नाहीं हें खरें. पण त्या घराचा पणतू केव्हां तरी येईल, आणि त्या वेळीं त्या जागीं काय होतें हें त्याला दाखवितां यावें. यासाठीं घर विकणाऱ्यांनीं माळा रिकामा करण्यापूर्वीं आम्हांस किंवा जवळच्या कोणत्याही संशोधनसंस्थेस एक पोस्टकार्ड टाकावें, एवढीच विनंति आहे.